आभाराचं पान

गाव कसलं, मुठीत मावेल एवढं.
वरच्या वेशीत कुणी शिंकलं
की खालच्या वेशीत रुमाल निघतो.
उर्बिनोला रेल्वे चढलीच नाही;
पेझारोहून बस येते धापा टाकत
आणि ऑक्टोबरात ओतते
गिटार, इस्त्र्या, चाकांच्या बॅगा,
कुणाच्या आईनं वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या टोमॅटोच्या बाटल्या.
चढावरच्या दगडांवर ती चाकं खडखडतात
तेव्हा माझं वर्ष सुरू होतं.
जानेवारीतलं कॅलेंडर नुसतं भिंतीसाठी.

दुकान उताराला.
झेरॉक्स, छपाई, बांधणी.
टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा,
नाहीतर गोंदाची बाटली आपणहून चौकाकडे निघते.
एकतीस वर्षं.
त्यांचं वय तेच, बावीस-तेवीस,
माझा चष्मा तेवढा जाड होत गेला.

कोण कुणाचं, हे मला झेरॉक्सवरून कळतं:
एकाच वहीच्या समासात दोन अक्षरं,
मे महिन्यात पुन्हा एकच.
पण एवढ्याशा गावात
टाळलेलं माणूस दिवसातून चारदा समोर येतं.
मग दोघंही मागचे जिने धरतात
आणि मागच्याच जिन्यावर भेटतात.

एर्सीलियाबाई चार खोल्या भाड्यानं देतात.
हीटर दोन तास, पाहुणा नको, न्हाणीत केस नकोत.
परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र
दाराबाहेर ताटली, रुमालाखाली गरम क्रेशा.
दार वाजवत नाहीत.

प्रबंध बांधतो, वाचत नाही.
गोगलगायीचा चिकटा,
करारातल्या मौनाचा कायदेशीर अर्थ,
मला काय कळणार त्यातलं.
मी फक्त शेवटचं पान वाचतो, आभाराचं.
तिथं माणसं खरं बोलून जातात.
‘आजोबांना, त्यांना वाचता येत नव्हतं.’
‘बसच्या ड्रायव्हरला, दोनदा थांबल्याबद्दल.’
‘फ्लाविओला.’ दुसऱ्या दिवशी: ‘ते नाव काढता येईल का?’
तिसऱ्या दिवशी: ‘राहू दे.’

एका फेब्रुवारीत तेक्ला आली.
कोटाच्या केसाळ कॉलरवर धुक्याचे थेंब.
तीन प्रती, निळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं.
पैसे आधीच दिले, सुटी नाणी मोजून.
शेवटचं पान उघडलं:
वर ‘आभार’,
खाली काही नाही.
मला वाटलं शाई गेली. फाइल पाहिली. तिथंही कोरं.
न्यायला आली की विचारू, म्हटलं.

चौकात लॉरेलचे मुकुट झाले, बुचं उडाली,
कुणीतरी कारंज्यात पडलं, नेहमीसारखं.
तेक्ला नव्हती.
एर्सीलियाबाई म्हणाल्या, पहाटेच गेली,
चादरींच्या घड्या घालून.
गावानं तीन कारणं सांगितली.
चौथं मी ऐकलं नाही.

प्रती फळीवर राहिल्या. नऊ वर्षं.

परवा प्रिंटर अडकला,
एक पोरगा ताटकळत बसला, एनेआ त्याचं नाव,
आणि हाताला आला म्हणून तो निळा पुठ्ठा चाळू लागला.
‘धुक्यावर आहे,’ म्हणाला. ‘आपल्याच गावच्या.
हे बघा, तुम्ही आहात.’

पान चाळीस. तक्ता.
१७ जानेवारी, पहाटे सहा. दृश्यता नऊ मीटर.
खूण: बांधणीवाल्याचा दिवा.
१८ जानेवारी. सात मीटर. तोच दिवा.
१९. चार मीटर. दिवा दिसला नाही, पण यंत्राचा आवाज.
२०. तोच दिवा.
असं पाच पानं.

मी चष्मा पुसला. परत लावला.
इतकी वर्षं बसलो होतो
शेवटचंच पान धरून.

‘कागद सुटला,’ पोरगा म्हणाला.
खरंच, प्रिंटर सुरू झाला होता.
साडेपाच युरो, मी म्हटलं,
मग म्हटलं, पाच दे.